डागी अंजिरांची पेटी

मी चौतीस वर्षं काचेच्या बाटल्यांतले दोष शोधले. बाटल्यांच्या कारखान्यात एक उजळ पांढरा पडदा असतो. त्याच्यासमोरून बाटल्या रांगेने सरकत जातात आणि एक माणूस स्टुलावर बसून त्यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत असतो. तो माणूस मी. बुडबुडा, चीर, वाकडी मान, जाड बूड, दिसलं की उचलायचं आणि उजवीकडच्या पिंपात टाकायचं. वीस मिनिटं बघायचं, मग दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, कारण जास्त वेळ बघितलं तर चांगल्या बाटलीतही चिरा दिसायला लागतात. कारखान्यात मला ‘नापास’ म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. निवृत्त झाल्यावर डोळे मिटून बसायची सवय तेवढी सुटली, बघायची काही सुटली नाही.

घरामागे थोडी जमीन आहे, दोन खोल्यांएवढी. दोन अंजिराची झाडं, एक डाळिंब, टोमॅटोच्या चार ओळी, भोपळ्याचा वेल आणि कुंपणाला लागून सूर्यफुलं. रविवारी सकाळी मी मागच्या पायरीवर बसून तोडलेला माल निवडतो. डाव्या हाताला पास, उजव्या हाताला नापास. बघायचं डोळ्याने, पण टाकायचं हाताने, आणि हाताला विचार करायला लावायचं नाही, ही आमच्या कामाची पद्धत.

नापास माल मी पूर्वी खड्ड्यात टाकायचो. त्यासाठी टेबल मांडायची कल्पना आमच्या हिची. तिने एकदा जुनं इस्त्रीचं टेबल ओढत नेऊन अंजिराखाली ठेवलं आणि माझ्या उजव्या हाताची पेटी सरळ उचलून नेली. म्हणाली, “तुम्हाला नकोय ना? मग ज्यांना हवंय ते खातील.” मी म्हटलं, घाण होईल, उंदीर येतील, गांधीलमाश्या घरात शिरतील. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी उरलंसुरलं उचलून टेबल धुवायला लागली. उंदरांचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. बुरशी आलेलं टेबलावर नाही, ते खड्ड्यात. फुटलेलं फळ अर्धं कापून, गराची बाजू वर. कीड लागलेलं सूर्यफूल फांदीला उलटं टांगायचं, चिमण्या स्वतः निवडून खातात. मधमाश्यांसाठी पसरट ताटलीत पाणी आणि त्यात खडे, म्हणजे त्यांना पाय टेकता येतात. अळीने चाळण केलेला कोबी उपटायचा नाही, तसाच फुलू द्यायचा. कोबीला इतकी पिवळी फुलं येतात हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.

ती जाऊन चार वर्षं झाली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चिमण्या, खारी, फुलपाखरं, सगळी मंडळी नेहमीसारखी टेबलापाशी हजर होती. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. अर्ध्या शेपटीची एक खार होती, ती रिकाम्या टेबलावर चढून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत बसली. घरात माणसं होती, सगळ्यांना चहा हवा होता, आणि मी मात्र सुरी घेऊन मागे गेलो आणि एक डाळिंब फोडलं. तेव्हापासून मीच ठेवतो. नियम तिचेच.

खरं सांगायचं तर दिवसात माझं जे काही बोलणं होतं ते या मंडळींशीच होतं. फुलपाखरू मऊ अंजिरावर बसतं, गुंडाळलेली सोंड उलगडतं आणि पाच-पाच मिनिटं हलत नाही. त्याला मी म्हणतो, “घाई नाही, आपल्याला कुठे जायचंय?” आपलाच आवाज ऐकून दचकायला होतं, कारण त्याआधी तो आदल्या दिवशी याच वेळी ऐकलेला असतो. घरात दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो, दुसरीवर इस्त्री न केलेले कपडे बसतात.

मला एक मुलगी आहे. याच शहरात राहते, बसने चाळीस मिनिटं. चौदा महिन्यांपूर्वी ती दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मी ते घर सोडलं. कायमचं.” मी तिच्या हातातली एक बॅग घेतली, आत ठेवली, आणि विचारलं, “काय चुकलं तुझं?”

एवढंच विचारलं. मला वाटलं होतं, दोष कळला तर दुरुस्त करता येईल. तिने माझ्याकडे बघितलं. मग ग्लासभर पाणी प्यायली, आत ठेवलेली बॅग पुन्हा उचलली आणि गेली. त्यानंतर मी फोन केला की ती दोन वाक्यं बोलायची. “बरी आहे. तुम्ही औषध घेताय ना?” घेतो म्हटलं, की फोन संपला.

तीन महिने असे गेल्यावर मी पेटी पाठवायला लागलो. माझ्या चादरी आणि शर्ट न्यायला दर रविवारी लॉन्ड्रीवाला व्हॅन घेऊन येतो. चाळिशीचा आहे, तोंडाचा गोड, कामाचा जरा ढिला. त्याची शेवटची फेरी माझ्या मुलीच्या इमारतीवरून जाते. मी त्याला म्हटलं, निवडलेला माल घेऊन जा, तिसऱ्या मजल्यावर दे, काही सांगायचं नाही. त्याने मान डोलावली. ठरलं असं, की पायरीवर दोन पेट्या असतील, त्यातली फाटकाकडची त्याने उचलायची.

त्या पेटीत मी जीव ओतायचो. टोमॅटो एकाच आकाराचे, देठासकट. अंजिराला नखाएवढा ओरखडा दिसला तरी ते उजवीकडे जायचं. बाटल्यासुद्धा इतक्या कडक नजरेने पाहिल्या नसतील मी. पुढच्या रविवारी पेटी रिकामी परत यायची, धुतलेली, पुसलेली. मी ती उजेडात धरून बघायचो. कोपऱ्यात एखादं टोमॅटोचं बी चिकटलेलं असायचं, बाकी स्वच्छ. मी मनाशी म्हणायचो, खाते आहे. बोलत नाही, पण मी पाठवलेलं खाते आहे. अकरा महिने मी एवढ्यावर काढले.

मग एका रविवारी बागेतला नळ गळत होता आणि पायरीची माझी नेहमीची बाजू ओली झाली होती. मी दुसऱ्या टोकाला, तोंड उलटं करून बसलो. हाताने आपलं काम केलं. डावीकडे पास, उजवीकडे नापास. फक्त फाटक आता माझ्या उजव्या हाताला आलं होतं. लॉन्ड्रीवाला आला तेव्हा मी आत चष्मा शोधत होतो. त्याने कपडे घेतले, फाटकाकडची पेटी घेतली आणि गेला.

तासाभराने मी उरलेली पेटी टेबलाकडे न्यायला उचलली आणि तशीच खाली ठेवली. एकसारखे टोमॅटो, देठासकट. निष्कलंक अंजिरं. म्हणजे माझ्या मुलीच्या दारात आत्ता पक्ष्यांनी टोचलेली अंजिरं, उललेली डाळिंबं आणि तडकलेले टोमॅटो जाऊन पडणार होते. चौतीस वर्षांत माझ्या हातून चीर गेलेली एकही बाटली पुढे गेली नव्हती, आणि गेली ती नेमकी कुणाकडे? आधीच जिला वाटतं की बापाला आपल्यात दोषच दिसतो, तिच्याकडे. मी लॉन्ड्रीवाल्याला फोन लावला. लागला नाही. मुलीला लावावा म्हणून आकडे दाबले आणि शेवटचा आकडा दाबलाच नाही. काय सांगणार? चुकून वाईट माल आलाय, चांगला इथे आहे? टेबलावर त्या दिवशी काहीच ठेवलं गेलं नाही. खार दोनदा येऊन गेली.

संध्याकाळी पाचला व्हॅन पुन्हा फाटकाशी थांबली. लॉन्ड्रीवाला रविवारी दुसऱ्यांदा कधी येत नाही. त्याच्या हातात रिकामी पेटी होती आणि चेहरा असा, की शर्ट जाळून आलाय.

“काका, ताईंनी चिठ्ठी दिलीय.”

चिठ्ठी दवाखान्याच्या कागदावर होती. माझी मुलगी दातांच्या दवाखान्यात काम करते, दुपारी दोन ते रात्री नऊ. तिचं अक्षर आईवर गेलंय, शेवटच्या अक्षराला उगाच एक शेपूट. लिहिलं होतं, ‘ही चालतील. अजून असली तर पाठवा.’

मी ती तीनदा वाचली. मग त्याला विचारलं, “ही चालतील म्हणजे? आधीची चालत नव्हती?”

तो पेटीच्या कडेशी चाळा करायला लागला. “काका, रागावणार नसाल तर सांगतो.”

“रागावणार. तरी सांग.”

“पहिल्याच खेपेला ताईंनी पेटी परत केली हो. म्हणाल्या, ‘इतकी चांगली मला नकोत. बाबांना सांग, आईच्या टेबलावर जातात ती डागी असतील तर पाठवा.’ आता हे मी तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगायचं? तुम्ही माझ्या चादरींच्या घड्या फूटपट्टीने मोजता. तुम्हाला सांगू, की मुलीला सडका माल हवाय?”

“सडका नाही, डागी.”

“तेच ते.”

“तेच ते नाही. आणि मग अकरा महिने पेटी जात कुठे होती?”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “आमच्या घरी. खोटं कशाला बोलू? पोरांना अंजिरं फार आवडतात. बायको पेटी धुऊन द्यायची. तुम्ही रिकामी पेटी हातात घेऊन असं काही बघायचात, की म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याला बरं वाटतंय. आज डागी माल दिसला. मला वाटलं, तुमचं तुम्हालाच उमगलं. म्हणून धावत वर नेऊन दिला.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायला आधी काळजात काही उरायला लागतं. अकरा महिने मी जी पेटी उजेडात धरून बघत होतो, तिच्यावर लॉन्ड्रीवाल्याच्या बायकोचा हात फिरलेला होता. मी एवढंच म्हटलं, “तुझ्या बायकोला सांग, पेटी छान धुते.” तो गेल्यावर बराच वेळ मी पायरीवर बसून होतो, नळ गळत होता आणि मला तो बंद करायचं सुचलं नाही.

पण चिठ्ठी होती. ‘अजून असली तर पाठवा’ याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. सोमवारी सकाळी झाडावर सापडली तेवढी सगळी डागी अंजिरं आणि दोन उललेली डाळिंबं डब्यात घातली, चांगला शर्ट घातला आणि बस पकडली. मंडळींना म्हटलं, आजचा दिवस उपाशी राहा.

तिसऱ्या मजल्यापर्यंत मी दोनदा थांबलो. दार उघडून ती म्हणाली, “तुम्ही?” ना या म्हणाली, ना जा. मी डबा पुढे केला. तिने झाकण उघडून बघितलं आणि बाजूला झाली, तेव्हा मी आत गेलो. दोन खोल्या, एक पलंग, भिंतीला टेकवलेल्या त्याच दोन बॅगा. ती वाळली होती. कानाजवळ थोडे केस पांढरे झाले होते. माझी नजर फिरत होती आणि मला ती आवरत नव्हती.

“काल तुमची अंजिरं ठेवली,” ती म्हणाली, “तर एक फुलपाखरू आलं. तपकिरी रंगाचं. इथे आल्यापासून पहिलं.” हे सांगताना क्षणभर तिचा चेहरा शाळेतून पळत आल्यासारखा होता. मग तिला आठवलं, की आपण कुणाशी बोलतोय. “या, दाखवते.”

मागे हातभर गॅलरी होती. तिथे एक स्टूल, स्टुलावर स्टीलचं ताट, ताटात काल पाठवलेली अंजिरं आणि दुकानातून आणलेलं एक चकचकीत सफरचंद. शेजारी खोलगट वाटीत पाणी. तिने अकरा महिने आईचं टेबल मांडायचा प्रयत्न केला होता.

“आईसारखंच ठेवते मी,” ती म्हणाली. “रोज ठेवते. सकाळी मला दुसरं काम नसतं, इथे बसून राहते. कुणी येत नाही. माझं काय चुकतंय, बाबा?”

तिने विचारलं म्हणून मी सांगायला लागलो. आणि एकदा सुरू झालो की मी थांबतो कुठे? सफरचंद न कापता ठेवलंय, वर मेण आहे, त्याला वास कुठून येणार? स्टील उन्हात तापतं, त्यांचे पाय भाजतात, लाकडी फळी हवी. पाण्यात खडे नाहीत, ही बघ मधमाशी बुडून मेलीय. फरशी फिनेलने पुसतेस, त्या वासाने कोण फिरकणार? स्वयंपाकघराचा पंखा थेट इथेच धूर फेकतो. कुंडी एकही नाही, मग नुसत्या फळासाठी तिसऱ्या मजल्यापर्यंत कोण...

मी तिच्याकडे पाहिलं. चौदा महिन्यांपूर्वी दारात होता तोच चेहरा.

“संपली यादी?” तिने विचारलं.

“ताटाची संपली.”

“आणि माझी?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी टीं टीं करत होती.

“तुझी यादी नव्हतीच कधी,” मी म्हणालो. “तुझं काही चुकलं नव्हतं. चुकलं माझं. तू दमून आली होतीस आणि मी तुला पडद्यासमोर उभं केलं. मला दुसरं काही येतच नाही गं. पण ते तुझ्याशी करायला नको होतं.”

आयुष्यात असं मी माझ्या बायकोशीही बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मी स्टुलावरचं ताट सरळ केलं. ती रडली नाही, जवळही आली नाही. तिने वाटीतली मेलेली मधमाशी बोटावर घेतली आणि कठड्यावर ठेवली.

“हे तेव्हा म्हणायला हवं होतंत,” ती म्हणाली. “मी बस स्टॉपवर दीड तास बसले होते त्या दिवशी. तुम्ही मागून याल म्हणून.”

मी त्या दिवशी काय करत होतो ते मला आठवतंय. तिने उष्टा ठेवलेला ग्लास धूत होतो. ते मी तिला सांगितलं नाही.

तिने चहा केला. आम्ही तो उभ्यानेच प्यायलो, कारण खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कुणी बसायचं हे दोघांनाही ठरवता येईना. मग तिची कामावर जायची वेळ झाली. आम्ही बरोबर जिना उतरलो. मी कठडा धरून उतरत होतो, ती दोन पायऱ्या पुढे, पण थांबत थांबत. बस स्टॉपवर ती म्हणाली, “लॉन्ड्रीवाल्याबरोबर पाठवत जा. डागी असतील तीच. मी फळी आणते आजच, आणि खडे.”

“मीच आणून देत जाईन की. मला काय काम असतं?”

तिने रस्त्याकडे बघितलं. “नको बाबा. तुम्ही एवढ्यात येऊ नका. मला अजून जमत नाही.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता.

“बरं,” मी म्हटलं.

तिची बस आधी आली. ती चढली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसली, तिकडेच जागा असेल. एवढ्यात म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मी एकाहत्तर वर्षांचा आहे हे तिला माहीत आहे, आणि माहीत असूनही ती तसं म्हणाली. मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की माझी बस आली आणि मी हात न करता तिला जाऊ दिलं.

पुढच्या रविवारी पहाटेच मी डागी फळं शोधायला झाडाखाली गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला दोष हवा होता. टोमॅटो बघितले, डाळिंबं उलटून बघितली. वेलावर एक भोपळा होता, त्याच्यावरही टिकली एवढा डाग नाही. आणि अंजिरांना मी स्वतःच कागदी पिशव्या बांधलेल्या होत्या, एकेका फळाला, सुतळीने, कुणाची चोच लागू नये म्हणून. तिच्यासाठीच बांधल्या होत्या.

मी शिडी लावली आणि एकेक पिशवी सोडली. चाळीसेक असतील. आतली अंजिरं मऊ, भरलेली, बघत राहावी अशी. वर्षभरातला सगळ्यात चांगला माल. मग शिडी काढून लांब ठेवली आणि पायरीवर येऊन, मंडळींना संकोच नको म्हणून, झाडाकडे पाठ करून बसलो. लॉन्ड्रीवाला यायला अजून तीन तास होते.